चार रेषांचा फरक

फेब्रुवारी लागला की आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेजचे डबे कपाटातून बाहेर येतात. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या असतात आणि वर्षभर ज्या वस्तूंकडे कुणी ढुंकून बघत नाही त्यांना एकदम महत्त्व येतं. डब्यातल्या निळ्या मखमलीच्या खाचेत ते मुठीत मावणारं पोलादी यंत्र निजलेलं असतं. मी एकेक उचलते, जबडे मिटते आणि शून्य शून्यावर येतं का ते बघते. आमच्या अकरा स्क्रू गेजपैकी एकाचंही येत नाही. कुणाचं दोन रेषा पुढे, कुणाचं पाच रेषा मागे. याला शून्य त्रुटी म्हणतात, असं मी मुलांना शिकवते. यंत्र खोटं बोलत असेल तर किती खोटं बोलतं ते आधी माहीत करून घ्यायचं आणि तेवढं हिशेबात धरायचं. मुलं मान डोलावतात आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधून तारेची जाडी उतरवून घेतात. तार यंदा बदललेली असली तरी.

मलकापुरात या दिवसांत हवेतच कापूस असतो. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेले पुंजके विजेच्या तारांना, बाभळीच्या काट्यांना आणि वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटून राहतात. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी पंखा. मधूनच एखादी मालगाडी जात राहते, जात राहते, आणि तिचा आवाज संपला की वर्गातला आवाज पुन्हा ऐकू यायला लागतो. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत यांतलं एक स्क्रू गेज मी रजिस्टरवर सही करून, जेवणाच्या डब्याशेजारी पर्समध्ये घालून घरी नेलं होतं. वीस वर्षं मी मुलांना तारा आणि काचेच्या गोळ्या मोजायला लावत होते. स्वतःला खरोखर जाणून घ्यायचं म्हणून मी काही मोजलं, ते पहिल्यांदा त्या दिवसांत.

मोजलं ते माझ्या वडिलांच्या फटफटीच्या इंजिनातलं.

माझे वडील, अप्पा, पशुसंवर्धन खात्यात होते. अमडापूरच्या आजूबाजूच्या खेड्यांत लोक त्यांना ढोरांचे डॉक्टर म्हणत, आणि ते डॉक्टर नाहीत हे सांगून सांगून ते थकले होते. साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, काळी जड गाडी त्यांच्याकडे होती. अडलेली म्हैस, फुगलेला बैल, शेळ्यांच्या लशी, सगळीकडे ते त्याच गाडीवर जात. निवृत्तीनंतर काही वर्षांनी गाडी बंद पडली ती पडलीच. पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली उभी राहिली. आई गेल्यावरही अप्पा अमडापुरातच एकटे राहिले. स्वतःचं पिठलं स्वतः करून खात, आणि मी फोन केला की आवाज मोठा करून सगळं ठीक असल्याचं सांगत.

मग त्या वर्षी दिवाळीनंतर ते ओल्या फरशीवर घसरले आणि मनगट मोडलं. मी घ्यायला गेले. माझा मुलगा शिकायला पुण्यात, यजमान नोकरीसाठी अकोल्यात, ते शनिवार-रविवारीच घरी. आठवड्याचे पाच दिवस घरात मी एकटी. तेव्हा अप्पांना न्यायची माझी इच्छा निव्वळ काळजीपोटी होती असं मी म्हणणार नाही. ते यायला तयार नव्हते. शेवटी शेजारपाजारचे चार लोक जमले तेव्हा त्यांनी अट घातली, की फटफटीही सोबत येईल. आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "गाडी चालू झाली का त्याच गाडीवर वापस येतो. तवरोक घराले कुलूप."

लोक हसले. मीही हसले, कारण ती गाडी कधी चालू होईल असं मला वाटत नव्हतं.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून नामदेवभाऊंचं गॅरेज आहे. पन्नाशीचे, कमी बोलणारे, कानानं गाडी ओळखणारे गृहस्थ. हंगामात जिनिंगच्या मशिनींची लहानमोठी कामंही त्यांच्याकडे येतात, त्यामुळे त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरी त्यांनी गाडी पाहिली, टाकीवरून हात फिरवला आणि काम घेतलं. अशी गाडी आपण शेवटची कधी उघडली ते आठवत नाही, म्हणाले. इंजिन खोललं तेव्हा आतून गंजाचा आणि जुन्या ऑइलचा असा वास आला की अप्पांनी डोळे मिटून घेतले.

नवे भाग मी मोबाइलवरून मागवले. मूळ कंपनीचे भाग आता मिळत नाहीत. मिळतात ते कुणीकुणी बनवलेले, प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर वेगवेगळी नावं आणि एकच नंबर. पार्सलं यायला लागली तशी मला गंमत वाटायला लागली. पॅकिंगच्या चार भोकांपैकी तीन जुळायची, चौथं अर्ध्या चंद्रासारखं झाकलेलं. क्लचच्या प्लेटा खाचेत बसेनात. नामदेवभाऊ एकेकीचा कान कानशीनं घासत बसले. एक स्प्रिंग इतकी कडक निघाली की ती बसवताना निसटून शेजारच्या चहाच्या टपरीवर जाऊन पडली. मी विचारलं की नंबर तोच आहे, चित्र तेच आहे, मग बसत का नाही? ते कानशीवरून नजर न उचलता म्हणाले, "कंपनीचा माल बसते, मॅडम. बाजारचा बसवा लागते."

हे वाक्य मी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. पण माझा प्रश्न तसाच राहिला. एखादी वस्तू जवळजवळ बरोबर होते, पण पूर्ण बरोबर होत नाही, ती नेमकी कुठे चुकते? कुणीतरी तिचं माप घेतलंच असेल ना. कशावरून घेतलं असेल?

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू झाली. नामदेवभाऊंनी सहाव्या का सातव्या किकला आवाज काढला. धग्, धग्, धग्, मध्ये एवढी जागा सोडून की वाटावं, आता थांबली. आणि मग पुढचा ठोका. गल्लीतले लोक बाहेर आले. अप्पा प्लास्टर काढलेला, बारीक झालेला हात टाकीवर ठेवून उभे राहिले. पंचवीसेक वर्षांपूर्वी गावाच्या वळणावर हाच आवाज ऐकून आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची, ते मला आठवलं. त्यांनाही काहीतरी आठवलं असणार. विचारायचं राहून गेलं, कारण दहाव्या मिनिटाला गाडी एकदम विव्हळल्यासारखी झाली आणि बंद पडली.

त्यानंतर हाच खेळ. थंड असताना गाडी चालू व्हायची, दहा-बारा मिनिटं धगधगायची आणि तापली की मान टाकायची. अर्ध्या तासानं पुन्हा चालू. नामदेवभाऊंनी गाडी आमच्या अंगणात आणून ठेवली आणि वेळ मिळेल तसे येऊन बघू लागले. आधी कॉइल बदलली. मग पॉइंट, मग कंडेन्सर. मग कार्बोरेटर नवा आणला, तो इतका बेढब होता की त्याच्या पायाखाली त्यांना वेगळी पट्टी करून घालावी लागली. प्रत्येक नवा भाग आपल्यासोबत नवी कटकट घेऊन यायचा आणि मूळ दुखणं तसंच राहायचं.

आणि त्या दिवसांत आमचं घर मात्र बदलत गेलं. मी चारला कॉलेजमधून यायचे तेव्हा अप्पा अंगणात स्टुलावर बसलेले असायचे, समोर वर्तमानपत्रावर पाने आणि नट मांडलेले. त्यांनी बाजारातून हिरव्या हरभऱ्याच्या पेंड्या आणायला सुरुवात केली. मागच्या बाजूला काटक्या पेटवून त्यात पेंडी धरायचे, आणि हात काळे करून आम्ही दोघं तो गरम हुळा सोलून खायचो. ते मला कुठल्या गावची कुठली म्हैस कशी वाचली ते सांगायचे. लहानपणी त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. लहानपणी ते घरीच नसायचे. मी त्यांना कॉलेजातल्या गमती सांगायचे. आमच्या बोलण्यात मी आपोआप घरच्या वऱ्हाडीवर यायचे. वर्गात जी मराठी मी बोलते तिच्यात मला अप्पांशी एक वाक्यही बोलता आलं नसतं. रोज संध्याकाळी गल्लीतल्या कुणा पोराच्या किकनं गाडी एकदा चालू व्हायची आणि बंद पडायची, आणि बंद पडली की मला बरं वाटायचं. ही गोष्ट मी तेव्हा स्वतःशीही बोलले नाही.

पण कुतूहल वेगळंच जनावर आहे. ते मालकाचं हित बघत नाही.

एका संध्याकाळी गाडी बंद पडल्यावर मी सहज किकचा दांडा हातानं दाबून पाहिला. तो एरवी माझ्या पायालाही दाद देत नसे, पण आता लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. आत दाबच नव्हता. वीस मिनिटांनी पुन्हा दाबला, तर जागचा हलेना. म्हणजे तापल्यावर इंजिनात कुठेतरी फट राहते आणि थंड झाल्यावर मिटते. नामदेवभाऊ जेव्हा येत तेव्हा गाडी थंडच असे, म्हणून त्यांना ते कळत नव्हतं. ही किकची गोष्ट मी त्यांना सांगितली. तेव्हा माझ्या मनात काही पाप नव्हतं. त्यांनी इंजिनाच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले की मग डोक्याखालचं हेड पॅकिंग गळत असेल. त्यांनी इंजिनाचं डोकं उतरवलं, अंगणात वर्तमानपत्रावर ठेवलं आणि नवं पॅकिंग मागवायला सांगितलं. पार्सल यायला दहा दिवस लागले.

त्या दहा दिवसांत अप्पांनी एक काम अंगावर घेतलं. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात, लांब देठाच्या छत्र्यांसारखे. एक हवा आत घेतो, एक धूर बाहेर सोडतो. देठ ज्या नळीत वरखाली होतो तिला गाइड म्हणतात. आमच्या गाडीत व्हॉल्व्ह आणि गाइड दोन्ही बाजारचे, नवे घातले होते. व्हॉल्व्हच्या कडेला खरबरीत लेप लावून तो दोन्ही तळव्यांत, रवी घुसळावी तसा फिरवत राहायचा म्हणजे तो आपल्या जागेवर घट्ट बसतो. अप्पा उन्हात बसून हे करायचे. सर्र, सर्र, सर्र. मनगटाला व्यायाम होतो, म्हणायचे.

मी स्क्रू गेज आणलं ते नवव्या दिवशी. का आणलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुपारी एका मुलीनं तारेची जाडी न मोजताच लिहिली म्हणून मी तिला रागावले होते, आणि रागावताना माझं मलाच वाटलं की आपण तरी कधी काय मोजलं. घरी आले. अप्पा कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेले होते. मी धुराकडच्या व्हॉल्व्हचा देठ पुसला, यंत्राची शून्य त्रुटी पाहिली, ती तीन रेषा होती, आणि मोजायला लागले.

नवा व्हॉल्व्ह टोकापासून छत्रीपर्यंत सारखा होता. मग मी जुना शोधला. छत्रीची कड जळाली म्हणून तो बदलला होता, पण अप्पा काही फेकत नाहीत; बिस्किटाच्या डब्यात तो सापडला. त्याच्या वरच्या टोकाला, जिथे कधी घासच लागत नाही, माप नव्याएवढंच भरलं. मध्यावर, जिथे तो चाळीस वर्षं वरखाली घासला होता, तिथे चार रेषा कमी. एक रेषा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. चार रेषा म्हणजे डोळ्याला काहीच नाही.

मग मी जुना व्हॉल्व्ह थोडं तेल लावून नव्या गाइडमध्ये सोडला. तो सुळकन खाली गेला. असा बसला, जणू त्याच्यासाठीच नळी केली होती.

आणि खरंच, त्याच्यासाठीच केली होती. मी अंगणात खाली बसले आणि मला ते सगळं दिसलं. कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी गाइड बनवायला घेतलं. नमुना म्हणून त्याच्यापाशी मूळ नकाशा नव्हता. होता एक जुना, झिजलेला व्हॉल्व्ह. त्यानं त्याचं माप इमानदारीनं घेतलं आणि त्याला बसेल अशी नळी केली. चाळीस वर्षांची झीज मोजून त्यानं नव्या पितळेत उतरवली. दुसऱ्या कारखान्यानं व्हॉल्व्ह बनवला तो मूळ मापाचा. दोघंही चुकले नव्हते. दोघांची गाठ आमच्या अंगणात पडली आणि तापल्यावर देठ फुगून नळीत अडकायला लागला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. शाळेपासून आजपर्यंत मी इतकी उत्तरं शिकले आणि शिकवली, पण ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात मागे छापलेलं नाही असा प्रश्न मी पहिल्यांदा सोडवला होता.

उपायही सोपा होता. गाइडचं भोक चार रेषांनी मोठं करायचं. नामदेवभाऊंपाशी त्याचं अवजार होतं, रीमर. दहा मिनिटांचं काम.

फाटक वाजलं. अप्पा मेथीची जुडी घेऊन आत आले. मी स्क्रू गेज पदराखाली घेतलं.

रात्री भाकरी थापताना सांगू म्हटलं. मग सकाळी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पॅकिंगचं पार्सल आलं, नामदेवभाऊ आले आणि त्यांनी डोकं पुन्हा चढवायला घेतलं. मी कट्ट्यावर उभी राहून बघत होते. त्यांनी एकेक नट किती काळजीनं, थोडा इकडचा, थोडा तिकडचा असा आवळला, आणि मला माहीत होतं की हे सगळं परत उघडावं लागणार. मी त्यांना चहा दिला आणि कॉलेजला निघून गेले. त्या दिवशी वर्गात मी शून्य त्रुटीवर काय बोलले मला आठवत नाही.

गाडी दहा मिनिटं चालली आणि बंद पडली. त्यानंतरचे पाच-सहा दिवस नामदेवभाऊ रोज आले. जिनिंगवाले त्यांची वाट बघत असायचे, फोन वाजत राहायचा, आणि ते आमच्या अंगणात उकिडवे बसून त्या गाडीकडे बघत राहायचे. पॅकिंग पुन्हा काढून बसवलं. टाकी धुतली. एका संध्याकाळी त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि अप्पांना म्हणाले, "अप्पा, माह्या कानाले आता समजेना झालं वाटते. जुन्या गाड्यांचं काम आता बंदच करतो म्हणतो."

ते रागानं बोलले नव्हते. एखाद्यानं चष्मा लागल्याचं सांगावं तसं सांगितलं. तीस वर्षं ज्या कानावर त्यांचं घर चाललं तो कान त्यांनी आमच्या अंगणात काढून ठेवला, आणि तो शाबूत आहे हे मला ठाऊक होतं. अप्पांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, त्यांना वाईट वाटतंय.

सकाळी मी चहाचे कप घेऊन अंगणात गेले. अप्पा स्टुलावर बसले होते, कान झाकणारी टोपी घालून. मी उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर बोलणं झालं नसतं.

"अप्पा, त्या वॉलचं मले माहीत हाये. नव्या गाइडात अडकून राह्यला तो. आठ दिवस झाले."

त्यांनी कप घेतला. फुंकर घातली. एक घोट घेतला.

"मले पंधरा," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं. लेप लावून व्हॉल्व्ह फिरवत होते त्याच दिवसांत त्यांनी जुना आणि नवा दोन्ही गाइडमध्ये सोडून पाहिले होते. "जुना सोडला का सर्रकन खाली जाते. नवा इचार करत जाते. थंडीत इचार करत जाते, तं तापल्यावर काय करंन?" ढोराच्या कानाच्या बुडाशी बोट लावून ताप सांगणारा हा माणूस. त्याला स्क्रू गेजची गरज नव्हती.

मी विचारलं, "मंग सांगतलं काऊन नाही?"

ते रस्त्याकडे बघायला लागले. कापसानं भरलेली एक गाडी चालली होती, तिच्यावर दोर बांधून माणूस झोपला होता.

"चालू झाली असती तं जा लागलं असतं, माय," ते म्हणाले. "चार लोकाईसमोर बोलून आलो होतो."

मग त्यांनी मला विचारलं नाही, की तू का गप्प बसलीस. मी वाट बघत होते. त्यांनी नुसता माझ्या हातातला दुसरा कप पाहिला आणि म्हणाले, थंडा होईल, पी. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि चहा प्यायले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू, आणि ते दाबताना चहा नाकात गेला. अप्पा दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

नामदेवभाऊंना सांगणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघं त्यांच्या गॅरेजवर गेलो. बोलले अप्पाच. मी मधे म्हणाले की मलाही माहीत होतं. नामदेवभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. हातातलं फडकं त्यांनी घडी घालून बाकावर ठेवलं, इतक्या नीट की मला त्यांच्याकडे बघवेना.

"मी त्या पॅकिंगले शिव्या देत होतो," ते म्हणाले, "अन् तुमी बाप-लेक पाहून राह्यले होते."

ते रीमर घेऊन आमच्याबरोबर आले, डोकं उतरवलं, गाइडमधून ते अवजार हळूहळू फिरवत नेलं. सोन्याच्या भुकटीसारखा पितळेचा बारीक चुरा त्यांच्या तळहातावर पडला. मग नवा व्हॉल्व्ह सोडला. तो सर्रकन खाली गेला. तरीही त्यांच्या तोंडावर काही उमटलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळं जोडलं, गाडी चालू केली आणि ती पूर्ण तासभर चालू ठेवली. एक ठोका चुकला नाही. मग बंद केली, अवजारं पिशवीत भरली आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी अप्पा आपणहून त्यांच्या गॅरेजवर गेले. कुणी काही विचारलं नाही. ते कोपऱ्यात बसून एका डब्यातले मिसळलेले नट-बोल्ट मापाप्रमाणे वेगळे करत राहिले, दिवसभर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा नामदेवभाऊंनी एक कप न बोलता त्यांच्याकडे सरकवला. हे मला अप्पांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज फोनवर असायचा तसा मोठा झाला नव्हता. आता ते रोज तिथेच बसतात. गिऱ्हाइकांना सल्ले देतात, जे नामदेवभाऊंना मुळीच नको असतात. जुन्या गाड्यांचं काम काही बंद झालं नाही. कधी कधी नामदेवभाऊ कॉलेजच्या फाटकाशी येतात, खिशातून रुमालात गुंडाळलेला एखादा देठ नाहीतर पिन काढतात आणि मॅडम, जरा पाहून सांगा, म्हणतात. मी सांगते. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा दोन-तीन रेषांच्या आत असतो, आणि तसं म्हटलं की ते खाली बघतात. त्या आठ दिवसांबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही नाही. पण तो रुमाल सोडताना ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघतात, आणि ते बघणं माझ्या वाट्याचं आहे हे मी धरून चालते.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही एस.टी.नं अमडापूरला गेलो. घाटात पळस पेटले होते. अप्पांनी घर उघडलं, दोन दिवस झाडलोट केली आणि गावातल्या शाळेत नव्यानं आलेल्या एका शिक्षक जोडप्याला ते राहायला दिलं. मागची खोली तेवढी स्वतःसाठी ठेवली, येणंजाणं राहावं म्हणून. शेजारच्यांनी फटफटीचं विचारलं. अप्पांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की गाडीचं काम चालू आहे, बाजारचे पार्ट नीट बसत नाहीत, वेळ लागेल. मी शेजारी उभी होते. मी मान डोलावली.

परीक्षा संपल्या आणि जिनिंगचं आवार मोकळं पडायला लागलं, तेव्हा तिथल्या मैदानावर अप्पांनी मला गाडी शिकवायला घेतली. मला बिनगिअरची स्कूटर येत होती, तेवढंच. या गाडीचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलटं, आणि स्कूटरवर माझ्या पायांना कधी काही कामच नव्हतं. त्यांचा गुडघा आता किक मारू देत नव्हता, म्हणून किकही मीच शिकले. पहिल्या आठवड्यात पोटरी काळीनिळी झाली. अप्पा मैदानाच्या मधोमध उभे राहून सूचना द्यायचे, आणि मी त्यांच्याभोवती गोल गोल फिरायचे. मी अनेकदा बंद पाडली. एकदा कपाशीच्या पळ्हाट्यांच्या, वाळक्या काड्यांच्या ढिगात घातली. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. बुजलेल्या गोऱ्ह्याला बोलतात तसं बोलत राहिले.

मग एका सकाळी ते मैदानाच्या मधून चालत आले आणि म्हणाले की आज मागे बसून पाहतो. त्या गाडीवर त्यांनी आईला बसवलं होतं, मला बसवलं होतं, लशींची पेटी आणि एकदा चक्क वासरू बसवलं होतं. मागच्या सीटवर ते स्वतः कधी बसले नव्हते. धोतराचा सोगा सावरत बसले खरे, पण हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मांड्यांवर ठेवले. उचलून सीटखाली धरायला काही सापडतं का पाहिलं. मी गिअर टाकला तेव्हा गाडीनं हिसका दिला आणि एक हात माझ्या खांद्यावर आला. आधी बोटांची टोकंच, मग सगळा हात.

मैदानाच्या दोन फेऱ्या ठरल्या होत्या. दुसरी संपली तेव्हा मी वेग कमी केला नाही. खांद्यावरचा हात तसाच राहिला, आणि मी तिसरीला वळले.